'राजूला खूप वाईट वाटलं'



इचलकरंजीतल्या एका शाळेत दर शनिवारी, शाळा सुटल्यावर दीड तास, मी सहावी-सातवीच्या मुलांना सिनेमा शिकवतो. म्हणजे पटकथा लिहायला आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायला. याला आता चार वर्षं झाली. माझे कवी मित्र हे ऐकून हसतात. मी बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. पोटासाठी एका सायझिंगच्या कचेरीत जमाखर्च लिहिला आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. कॅमेरा हातात धरला तो लग्नातले फोटो काढण्यापुरता. पण झालं असं, की शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला मुलांना कविता वाचून दाखवायला बोलावलं. वाचून झाल्यावर रिवाजाप्रमाणे "कुणाला काही विचारायचंय का?" असं झालं. मागच्या बाकावरचा एक जण उठला. "सर, तुमच्या कवितेवर पिक्चर निघालाय का?" म्हटलं, नाही बाबा. तो म्हणाला, "मग आपण काढूया की!" बाईंनी ते मनावर घेतलं.

आमचं गाव यंत्रमागांचं. वर्गातल्या तीस मुलांपैकी बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी मागावर. वडील जॉबर, आई कांड्या भरते, मामा वहिफणीत. घरातल्या बोली पाच तऱ्हेच्या. कोल्हापुरी मराठी, सीमेपलीकडून आलेलं कन्नड, आमच्या घरातली दखनी, मारवाडी, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून मागावर आलेल्या कुटुंबांची हिंदी. ही मुलं सिनेमा बघतात ती मोबाइलवर आणि तुकड्यातुकड्यांनी. थिएटरात बसून अख्खा सिनेमा पाहिलेली मुलं पहिल्या वर्षी नऊ निघाली. कोल्हापूर इथून तासाभराच्या अंतरावर. तिथं बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून चित्रपट काढले, १९२५ साली 'सावकारी पाश'मधून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. मुलांना याचा पत्ता नव्हता. असणार तरी कसा? आपण मोठ्यांनी कधी सांगितलंय?

पहिल्या तासाला मी म्हटलं, तुमच्या मनातल्या सिनेमाचं एक पान लिहून आणा. पुढच्या शनिवारी पानं आली. चार पानांत दुबई होती, सहा पानांत पोलिसांची जीप, एकात हेलिकॉप्टर. आणि एका शहाण्या मुलाच्या पानावर होतं, 'राजूला खूप वाईट वाटलं. त्याला आपले बालपण आठवले.' बालपण आठवणारा हा राजू बारा वर्षांचा होता, ते सोडून द्या. मी ती दोन वाक्यं फळ्यावर लिहिली, बाईंचा मोबाइल बाकावर दप्तराला टेकवून उभा केला आणि म्हटलं, आता हे काढूया. राजू व्हायला एक जण पुढे आला. त्यानं भुवया आक्रसल्या, ओठ खाली ओढले, मान वाकडी केली. आम्ही काढलेलं सगळ्यांना दाखवलं. वर्ग क्षणभर गप्प, मग कुणीतरी म्हणालं, "सर, ह्येचं पोट दुखतंय!"

पटकथेचा पहिला धडा तिथंच झाला. कॅमेऱ्याला जे दिसतं आणि माइकला जे ऐकू येतं तेवढंच कागदावर लिहायचं. वाईट वाटलं हे कॅमेऱ्याला दिसत नाही. मग काय दिसेल? 'तो जेवत नाही' असं बऱ्याच जणांनी सांगितलं. हे सगळ्या सिनेमांत असतं, म्हणून चटकन सुचतं. एक मुलगी मात्र थांबून म्हणाली, "राजू घरी येतो. चपला काढून हातात घेतो. कडी न वाजवता आत जातो." मी विचारलं, चपला हातात कशाला? ती म्हणाली, "आवाज झाला की घरातले विचारतात, काय झालं. मला वाईट वाटलं की कुणी विचारू नये असं वाटतं." मी चाळीस वर्षं कविता लिहितोय. तिच्या चपलांपुढे मला काही बोलता आलं नाही.

बाकीचं तंत्र फार नाही, ते मुलं दोन तासांत शिकतात. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर लिहायचं, घराच्या आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. एकानं विचारलं, "रात्रपाळी लिहिलं तर चालंल?" चालेल म्हटलं. आमच्या गावात दिवस आणि रात्र यांच्यामध्ये ती तिसरी वेळ आहेच. क्रियापदं वर्तमानकाळात, 'आला' नाही, 'येतो'. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा जुना हिशेब त्यांना फार आवडला. हिशेब करून बघितल्यावर दुबईवाल्याच्या लक्षात आलं, की त्याचा नायक विमानतळावरच पाच मिनिटं खाणार आहे. त्यानं दुबई रद्द करून कथा बसस्टँडवर आणली.

खरी झटापट झाली ती संवादांशी. मुलं घरात जे बोलतात आणि कागदावर जे लिहितात त्यांची एकमेकांशी ओळखच नाही. 'आई, मला क्षमा कर.' मी विचारलं, तू आईला असं कधी म्हणालास? तो हसला. मग घरी चूक झाल्यावर काय म्हणतोस? "काय न्हाई सर. गप बसतो आणि पाणी भरतो." अरे, मग तेच लिही की! क्षमा मागणं म्हणजे न सांगता दोन घागरी पाणी भरणं, हा प्रसंग कुठल्या पुस्तकात आहे? मंगेश हाडवळेंच्या 'टिंग्या'तला मुलगा जुन्नरकडच्या बोलीत बोलतो, नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला जब्या आपल्या गावच्या भाषेत. या चित्रपटांतली दृश्यं दाखवल्यावर मुलांना मोकळीक मिळाल्यासारखं झालं. एकीनं विचारलं, "म्हणजे शुद्धलेखनाचे मार्क जाणार न्हाईत?" नाही म्हटलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली, पण त्या काही बोलल्या नाहीत.

आता एक जरा अवघड गोष्ट सांगतो. दुसऱ्या वर्षी एका मुलानं पान आणलं. त्यात एक 'भाई' होता. डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, हातात सुरा. तो हिंदी सिनेमातलं उर्दू बोलत होता आणि शेवटी पोलिसांच्या गोळीनं मरत होता. लिहिणारा मुलगा आमच्याच मोहल्ल्यातला. त्याच्या आजोबांना मी ओळखतो, साऱ्या गल्लीला औषधाच्या चिठ्ठ्या वाचून दाखवणारा माणूस. मी रागावलो नाही. विचारलं, तुझे अब्बा असं बोलतात? म्हणाला, नाही. चाचा? नाही. ही टोपी घातलेला, असा बोलणारा कुणी माणूस तू पाहिलास? म्हणाला, "हां सर, पिक्चरमध्ये."

त्याचा काय दोष? कविसंमेलनात माझी कविता झाली की अजूनही कुणीतरी प्रेमानं पाठीवर हात ठेवून म्हणतं, "वा, तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी 'आभारी आहे' म्हणतो. आता मराठी छान नसायला मला दुसरी कुठली भाषा लिहिताच येत नाही. पण त्या बिचाऱ्यांनी मनात जो माणूस पाहून ठेवलाय तोही पडद्यावरूनच आलेला असतो.

मी त्या मुलाला म्हटलं, तुझ्या घरातलं सकाळचं एक मिनिट लिही. फक्त एक. पुढच्या शनिवारी त्यानं जे आणलं त्यात त्याची दादी होती. दादीनं त्याला कोथिंबिरीला पाठवलंय आणि तो मेथी घेऊन आलाय. "मेरेकू अंधी समजा क्या रे? ये कोतमीर है?" असं ती ओरडते, मग तीच मेथी निवडायला बसते आणि निवडता निवडता गावाकडच्या मळ्याची आठवण काढते. त्या पानावर टोपी नव्हती की सुरमा नव्हता. वर्ग हसून हसून दमला, कारण ती दादी सगळ्यांच्याच घरात होती. मग मी बाकीच्यांना त्यांची पानं काढायला लावली. मारवाडी पोराच्या वर्गमित्रानं लिहिलेला शेठ पैशाला थुंकी लावत होता. उत्तर प्रदेशातून आलेला कामगार सगळ्यांच्या कथेत खुळचटच होता. अंगानं जाड मुलगी असली की ती खातच होती. यातली अर्धी 'माणसं' त्याच वर्गात बाकावर बसली होती. मी भाषण दिलं नाही. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला लिहिणाऱ्याच्या शेजारी बसवलं आणि म्हटलं, आता दोघं मिळून लिहा. दोन जोड्यांची भांडणं झाली. एक जोडी अजून एकमेकांशी बोलत नाही. बाकीच्यांची पानं सुधारली.

'टिंग्या'त एक रशिदा आहे, टिंग्याची मैत्रीण. तिच्या घरी तिची नानी आजारी आहे आणि टिंग्याचा बैल आजारी आहे. टिंग्याचा प्रश्न एवढाच, की म्हाताऱ्या माणसाला औषध करतात, मग माझ्या बैलाला खाटकाकडे का? मी ते दृश्य दाखवलं आणि काहीच समजावून सांगितलं नाही. आमच्या मोहल्ल्यातला तो पोरगा घरी जाताना म्हणाला, "सर, ती नुसती पोरगी हाय." त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

अभिनयाकडे वळतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आपण मुलांना काय शिकवतो? मोठ्यानं बोल, लोकांकडे तोंड कर, हात वर कर. रंगमंचावर ते बरोबरच आहे, शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेलं पाहिजे. पण सिनेमात ती आजी तुमच्या नाकासमोर दोन फुटांवर बसलेली असते. १९२० च्या आसपास रशियात कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला होता. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यानं तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक तरुण बाई. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख, एकदा ओढ. आम्ही हा प्रयोग शाळेत केला. चेहरा एका मुलीचा, आणि पुढे जोडलेली चित्रं म्हणजे गरम वडापाव, फुटलेली पाटी आणि गणिताचा पेपर. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, की गणिताच्या पेपराला ती घाबरलीय. ती बिचारी तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

याच्या उलट एक गंमत दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये आहे. चित्रपट १९१९ चा. त्यात कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी ही छोटी मुलगी नुसती कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावरचे एकेक भाव करून दाखवते. मग तीच मुलगी बघता बघता कृष्णाच्या वेषात दिसते. शंभर वर्षांहून जुनी ही फिल्म बघताना माझी मुलं तिच्याबरोबर तोंडं करायला लागली. आमचा हा तास सर्वांत दंग्याचा झाला.

पण मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडले ते सत्यजित राय. 'पथेर पांचाली'त अपू झालेला सुबीर बॅनर्जी हा कधी अभिनय न केलेला मुलगा. काशाच्या उंच गवतातून बहिणीला शोधत त्याला चालायचं होतं. चालला तर कवायतीसारखा. रायनी मग त्याच्या वाटेत काटक्या टाकून ठेवल्या, म्हणजे त्याला पाय जपून टाकावे लागतील. आणि गवतात माणसं लपवली, ती ठरलेल्या ठिकाणी त्याला हाक मारत. तो ज्या बाजूला वळून बघतो ते या हाकांमुळे. मुलाला 'शोधतोयस असं दाखव' म्हटलं नाही, तर खरंच शोधायला लावलं. ही गोष्ट सांगितल्यावर मुलांनी पुढचंही ऐकून घेतलं. १९५२ च्या ऑक्टोबरात हे काम सुरू झालं, आठवड्यानं मंडळी परत गेली तर गुरांनी काश खाऊन टाकलेला. पुढच्या वर्षी पुन्हा फुलेपर्यंत थांबावं लागलं. "मग गुरांना कुणी मारलं का?" हा प्रश्न आला. मारलं नसावं म्हटलं.

आम्ही हीच काटक्यांची युक्ती वापरतो. बोलताना हाताला काम द्यायचं. रडण्याचा अभिनय करू नकोस, सुईत दोरा ओवत ओवत सांग, की बाबांचं काम सुटलं. एका मुलीनं आईकडे बघून बघून शिकलेली तुटलेल्या सुताची गाठ मारत मारत हेच वाक्य म्हटलं. गाठ बसेना. ती परत मारायला लागली आणि वाक्य अर्धंच राहिलं. कुणीही हसलं नाही.

या मुलीबद्दल सांगायचं आहे. तिनं सहा पानांची पटकथा लिहिली. माग थांबल्यावर घरात काय होतं याची. गेली काही वर्षं आमच्याकडे माग भंगारात निघताहेत, हे तिनं कुणाकडून ऐकून लिहिलं नव्हतं. आईचं काम तिला स्वतःच करायचं होतं. शूटिंगच्या आदल्या दिवशी तिचे वडील आले. जॉबर आहेत, रात्रपाळी करून थेट आलेले. "सर, राग मानू नका. पोरीचं तोंड मोबाइलवर फिरायला नको." त्यांची जात किंवा धर्म मी सांगणार नाही. ऐकताना तुम्ही मनात जो धरला असेल तो बहुधा चुकीचा आहे.

मी म्हटलं, भाऊ, बसा. मला त्यांचं म्हणणं मागासलेलं वाटलं नाही. एकदा हातातून गेलेली चित्रफीत परत येत नाही, बारा वर्षांच्या मुलीची तर कुठे जाईल सांगता येत नाही. त्या दिवसापासून आम्ही नियमच केला. चित्रण फक्त बाईंच्या मोबाइलवर, कुणालाही पाठवायचं नाही, पालकांची लेखी संमती हवी, आणि मुलानं स्वतः नको म्हटलं तर संमती असूनही नको.

दुसऱ्या टोकाचे पालकही येतात. "सर, सिरियलमध्ये कधी घेतील?" फोटो काढायचे म्हणून पैसे मागणाऱ्या ऑडिशनच्या जाहिराती त्यांच्या मोबाइलवर येतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ वाचेल. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, ओळीनं सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे मी पालकांना वाचून दाखवतो. 'फँड्री'तल्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. मंजुळेंच्या नजरेत तो गावात हलगी वाजवताना भरला, कुणाच्या फोटोसेशनमध्ये नाही. हे ऐकून एका आईनं मुलाला हलगी घेऊन दिली. त्याला माझा इलाज नाही.

तर ती मुलगी. दोन शनिवार ती आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली आणि म्हणाली, "सर, तोंड न दाखवता सगळं करता येतंय. मी बघितलंय लिहून." तिनं सहाही पानं नव्यानं लिहिली होती. सगळ्या प्रसंगांत फक्त हात. कांडी भरणारे, भाकरी थापणारे, पैसे मोजणारे, आणि माग थांबल्याच्या दिवशी नुसते मांडीवर ठेवलेले. आवाज तिचा. वडिलांना कागद दाखवला, त्यांनी वाचून "बरं" म्हटलं. एवढंच.

चित्रण चार शनिवार चाललं. आमचा शत्रू म्हणजे आवाज. मुलं मागांच्या खडखडाटात जन्मलेली, त्यांना तो ऐकूच येत नाही. पण मोबाइलला येतो, आणि संवाद त्यात बुडून जातात. शेवटी खोलीला गाद्या लावून बोलणं वेगळं ध्वनिमुद्रित केलं आणि मागाचा आवाज कुठूनतरी मिळवून खाली जोडला.

चित्रपट झाला सात मिनिटांचा. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवला. तिचे वडील आले, दाराशीच उभे राहिले. संपल्यावर टाळ्या झाल्या, मुलीकडे बघून त्यांनी मान हलवली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, हात बरोबर हाईत. पण आवाज खोटा हाय. ह्यो आमच्याकडचा माग न्हवं. आणि माग बंद पडतो तिथं तुम्ही एकदम शांत केलंय. आपला एक बंद पडला तरी शेजारचं चालूच असत्यात. तो आवाज निराळा." त्यांना आवाजावरून मागाचा आजार कळतो, तो त्यांचा धंदाच आहे. मी विचारलं, मग काय करायचं? म्हणाले, "मोबाइल द्या. आज रात्रपाळी हाय, भरून आणतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा मिनिटांचा आवाज आणून दिला. त्यात शेवटाकडे त्यांचा खोकला आहे, आणि कुणीतरी लांबून तंबाखू मागतंय. मुलीनं तो खोकला काढू दिला नाही.